एचआयव्हीचं औषध नेमकं कुठे धरून बसतं, ते स्वतः पाहा

रेणूंच्या रचना दाखवणारं कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर उघडा आणि प्रोटीन डेटा बँकेतली १एचएसजी ही रचना मागवा. एचआयव्हीचं प्रोटिएज समोर येतं: प्रत्येकी ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या, मधल्या पोकळीत इंडिनाविर हे औषध. आता हायड्रोजन बंध दाखवायला सांगा. औषधाचा हायड्रॉक्सिल गट दोन्ही साखळ्यांतल्या २५ क्रमांकाच्या अ‍ॅस्पार्टेटपाशी अडकलेला दिसेल. विषाणूची प्रथिनं कापण्याचं काम याच जोडीचं, आणि तीच इथे जखडली गेली आहे! पलीकडे पाण्याचा एक रेणू औषधाला दोन्ही ५० क्रमांकाच्या आयसोल्युसीनशी जोडतो. म्हणून पाण्याचे रेणू आधीच पुसून टाकू नका. औषध आणि प्रथिन यांच्यातले संपर्क मोजताना नुसतं अंतर पुरत नाही, अणूंच्या त्रिज्याही धराव्या लागतात. सॉफ्टवेअरची संपर्काची आज्ञा तेच करते. शैक्षणिक वापरासाठी कायमेराएक्स मोफत आहे, नक्की वापरून बघा.