उभें राहण्याचे श्रम

अंथरुणावरून उठून उभें राहण्यांत श्रम ते कसले, असें धडधाकट माणसास वाटतें. परंतु मनुष्य उभा राहतांच सुमारें अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे ओसरतें. मेंदूचा पुरवठा तुटूं नये म्हणून रक्तवाहिन्या तात्काळ आकुंचित व्हाव्या लागतात, हृदयाचा वेगही वाढावा लागतो. हें काम नकळत करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यास लँगले या इंग्रज शास्त्रज्ञानें १८९८ सालीं ‘स्वायत्त’ अशा अर्थाचें नांव दिलें.

बारामती तालुक्यांतील कोऱ्हाळे बुद्रुकच्या शेतकऱ्यास ही व्यवस्था चटकन् उमजेल. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी उसाला पोंचतें, तें पाटकरी वेळेवर दारें उघडतो आणि मिटतो म्हणून. कालवा भरलेला आहे, दारें शाबूत आहेत; पण पाटकरीच उपाशी असेल तर?

तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकाँड्रियांच्या, रोगांत पुष्कळदां असेंच घडतें. अन्न व प्राणवायु यांपासून पेशीला शक्ति पुरविणारे हे अतिसूक्ष्म कण. त्यांचीं स्वतःचीं ३७ जनुकें केवळ आईकडून येतात. त्यांना लागणारीं बाकीचीं शेंकडों जनुकें पेशीच्या केंद्रांत असतात आणि तीं आईबाप दोघांकडून येतात. बिघाड कोठेंही असूं शकतो. म्हणून दोष आईच्या माथीं मारण्याची घाई घरच्यांनीं करूं नये. मज्जातंतु, हृदय व स्नायु यांचा खर्च मोठा, त्यामुळें शक्तीचा तुटवडा त्यांना आधीं जाणवतो.

मग उभें राहतांच घेरी येते, छाती धडधडते, अन्न पोटांत तसेंच राहतें, बद्धकोष्ठ जडतें. कोणाला घामच येत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत अशा माणसाच्या जिवावर बेतूं शकतें. रोग्याला केवळ बसवून तपासलें तर कांहींच सांपडत नाहीं, आणि ‘आळशी’, ‘मनाचे खेळ’ असे शिक्के बसतात. वास्तविक परीक्षा अगदीं साधी आहे. कांहीं मिनिटें निजवून रक्तदाब मोजावा व उभें राहिल्यावर तीन मिनिटांच्या आंत पुन्हा मोजावा. वरचा आंकडा २० नें उतरला तर तो मनाचा खेळ नव्हे. कांहींचा दाब टिकतो, पण दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनीं वाढते, तेंही लक्षणच.

मूळ रोग बहुधा बरा करतां येत नाहीं. हे त्रास मात्र पुष्कळ हलके होतात. पाणी भरपूर प्यावें. मीठ वाढवावयाचें तें डॉक्टरांना विचारूनच, कारण हृदयही दुबळें असूं शकतें. जेवण थोडें थोडें घ्यावें. उठतांना आधीं कांठावर बसावें, मग उभें राहावें. स्नान बसून आणि कोमट पाण्यानें करावें; कढत पाण्यानें रक्तवाहिन्या आणखी सैलावतात.