टॉम कॉलिन्स: जिन आणि लिंबू-सोडा

टॉम कॉलिन्स म्हणजे जिन, लिंबूरस, साखरेचा पाक आणि सोडा. जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरच्या पुस्तकाच्या 1876 च्या आवृत्तीत त्याची कृती छापली गेली. सातारा जिल्ह्यातल्या कराडच्या उसाशीही या पेयाचे नाते जुळते, आणि ते दुहेरी आहे. पाकाची साखर तर उसाचीच. शिवाय भारतात जिनसाठी लागणारा मूळ मद्यार्क धान्याप्रमाणेच उसाच्या मळीपासूनही काढतात. जुनिपरच्या फळांचा वास त्यावर नंतर चढवतात. कराड तालुक्यातल्या रेठरे बुद्रुकच्या कृष्णा साखर कारखान्यालाही आसवनी जोडलेली आहे.

एका उंच ग्लासासाठी 60 मिली जिन, 30 मिली लिंबूरस आणि 20 मिली पाक लागतो. साखर व पाणी समप्रमाणात घेऊन, साखर विरघळेपर्यंतच तापवावे. एकतारी पाक इथे उपयोगाचा नाही. कागदी लिंबे दोन पुरतात. ती आयत्या वेळी, हलक्या हाताने पिळावीत, कारण साल जोरात दाबली की कडवटपणा उतरतो. गूळ टाळलेला बरा, त्याच्यापुढे जुनिपर टिकत नाही.

शेकर नसल्यास घट्ट झाकणाची बरणी चालते. तिन्ही गोष्टी बर्फासह दहा-बारा सेकंद हलवून, नव्या बर्फावर गाळाव्यात. मग गार सोडा सुमारे 90 मिली ओतून चमचा एकदाच फिरवावा. सोडा बरणीत घालून हलवू नये, झाकण उडते.

महाराष्ट्रात जिनसाठी वयाची अट 25 वर्षांची असून मद्यसेवन परवानाही लागतो.