फूड बँकेतले शनिवार

पीएच.डी. करत असताना मी दर शनिवारी फूड बँकेत जात असे. एफ-१ व्हिसावर नोकरीची बंधने फार. पण धर्मादाय संस्थेत विनामोबदला सेवा करायला आडकाठी नाही. अट एवढीच, की एरवी ज्याला पगार मिळतो ते काम फुकट करायचे नाही.

पहिली फूड बँक १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये सुरू केली. दुकानांत उरलेले अन्न गरजूंपर्यंत न्यायचे, ही कल्पना.

आमचे काम निवडण्याचे. फुगलेला, गळका किंवा जोडावर खोल पोचा आलेला डबा थेट कचऱ्यात. आत विषारी जंतू वाढलेले असू शकतात. किरकोळ चेपलेला चालतो. ‘बेस्ट बाय’ची तारीख चवीची असते, सुरक्षिततेची नव्हे. अपवाद तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीचा. तारीख उलटली की ती बाद.

एकदा मला वाटपाच्या टेबलावर बसवले. रांगेत आमच्याच लॅबमधला मराठी मित्र! व्हिसामुळे बायकोला नोकरी करता येत नव्हती, आणि एका स्टायपेंडवर तिघांचे भागत नव्हते. ओळख दाखवावी की नाही, या विचारात मी असताना तोच म्हणाला, “तूरडाळ नसेलच. राजमा आहे का?”

पुढच्या शनिवारी तो माझ्या शेजारी डबे निवडत उभा होता.

आपली मुले आता कॉलेजच्या अर्जासाठी सेवेचे तास मोजतात. मोजू देत. पण डबा हातात घेतल्यावर एक प्रश्न विचारायला त्यांना जरूर शिकवा: हा आपण आपल्या घरी उघडला असता का?