'द सीक्रेट गार्डन' : कादंबरीचे संगीत नाटक

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या १९११ च्या कादंबरीवर आधारलेले 'द सीक्रेट गार्डन' हे संगीत नाटक एप्रिल १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. संहिता व गीते मार्शा नॉर्मन यांची, संगीत लूसी सायमन यांचे.

भारतात वाढलेली, हट्टी मेरी लेनक्स कॉलऱ्याच्या साथीत पोरकी होते आणि इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला नातलग आर्चिबाल्ड क्रेव्हनच्या वाड्यात येते. तिथली कुलूपबंद बाग फुलवताना तिचा स्वभाव बदलतो. आर्चिबाल्डचा अंथरुणाला खिळलेला मुलगा कॉलिनही उभा राहतो.

नाटकाने मूळ कथेत मोठे बदल केले. कादंबरीत आर्चिबाल्ड मेरीच्या आत्याचा नवरा आहे, नाटकात मावशीचा. कादंबरीत केवळ आठवणीत असलेली त्याची दिवंगत पत्नी लिली इथे रंगमंचावर वावरते आणि गाते. भारतात मरण पावलेली माणसेही तशीच मेरीभोवती येत राहतात. त्यामुळे मुलीच्या वाढीइतकेच मोठ्यांच्या शोकालाही महत्त्व मिळते.

मेरीच्या भूमिकेसाठी डेझी इगनला अकराव्या वर्षी टोनी पुरस्कार मिळाला. संहिता आणि नेपथ्यही टोनीचे मानकरी ठरले. जानेवारी १९९३ पर्यंत नाटकाचे ७०९ प्रयोग झाले.