विठाबाई : त्या एका रात्रीपलीकडे

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं नाव निघालं की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर उभ्या राहिल्या. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा लोकांसमोर आल्या. त्यांची अवस्था लक्षात आल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला सांगितलं, असंही सांगतात. ही गोष्ट कलेवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मला मात्र तीत आधी एक कामकरी बाई दिसते.

विठाबाईंचा जन्म १९३५चा, सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरचा. घराणं पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचं. आजोबा नारायण खुडे यांनी सुरू केलेला तमाशाचा फड वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी नावारूपाला आणला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे त्या फडाचं नाव. जात लपवायची सोय नव्हती आणि या घराण्याने ती लपवलीही नाही. पाटीवर लिहून ते गावोगाव फिरले. पुढे मुलीच्या फडाच्या नावातही ‘भाऊ मांग’ हे शब्द राहिले.

सोलापूर जिल्हा तसा लावणीचा जुना मुलूख. शाहीर राम जोशी सोलापूरचेच. पंढरपुरात रुक्मिणीमातेच्या पुजारी उत्पात घराण्यातल्या ज्ञानोबा उत्पातांनी लावणीचं गाणं जपलं. मोडनिंबला संगीत बारीचं कलाकेंद्र आहे आणि अकलूजची लावणी स्पर्धा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण बारी वेगळी आणि ढोलकी फडाचा तमाशा वेगळा. बारीत गाणं आणि अदा यांच्यावर सगळा भर. फडात त्यापुढे रात्रभराचं नाटक उभं करावं लागतं. गण झाला की गवळण, तिथे मावशी आणि कृष्णाशी सवाल-जवाब. मग सोंगाड्याची बतावणी, तीत समोरच्याने ऐनवेळी टाकलेला शब्द तिथल्या तिथे परतवायचा. त्यानंतर वग. तोंडपाठ भाषणावर वग निभत नाही. कथेचा सांगाडा ठाऊक असतो, बोलणं बऱ्याच अंशी उभ्याउभ्या सुचावं लागतं. हलगी-ढोलकीच्या वर आवाज चढवायचा, पायांत चाळ बांधून नाचायचं आणि पहाटेच्या सुमाराला वगातल्या दुःखाने हजारोंची जत्रा गप्प करायची. हे सगळं एका बाईच्या अंगात असणं दुर्मीळ. विठाबाईंच्या अंगात ते होतं, म्हणूनच लोक त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणू लागले.

एके काळी तमाशात बाईची भूमिका नाच्या पोरगा करायचा. शाहीर पठ्ठे बापूरावांबरोबर पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहिल्या आणि फडावर बाईची जागा पक्की झाली. विठाबाईंनी त्यापुढचं पाऊल टाकलं : स्वतःच्या नावाचा फड चालवला. फडमालकीण होणं म्हणजे नाचून झाल्यावरही काम न संपणं. खेळाची सुपारी ठरवायची, कलावंतांना उचल द्यायची, गाड्यांची सोय बघायची, पोलिसांचा परवाना मिळवायचा आणि हंगाम बुडाला तर कर्ज अंगावर घ्यायचं. दसऱ्याला बाहेर पडलेला फड उन्हाळ्याच्या जत्रा संपेपर्यंत रोज नव्या गावात असतो. सुपारी घेतली की खेळ झालाच पाहिजे, आणि ज्या बाईच्या नावावर गर्दी लोटली ती बोर्डावर आली नाही तर तंबूत काय होईल ते तमासगिरांना पुरतं माहीत असतं.

आता ती बाळंतपणाची रात्र पुन्हा बघा. मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाचे पैसे देणारा कायदा १९२९ सालीच झाला होता. विठाबाई जन्मल्या तेव्हा तो जुना होत चालला होता. ज्या जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला त्याचं मुख्य शहर गिरण्यांचं. मागाजवळ उभी राहणारी बाई कायद्याला कामगार दिसली. रात्रभर नाचणारी, गाणारी, अख्ख्या फडाचं पोट चालवणारी बाई दिसली नाही. तिला रजा कोण देणार? तिच्या सहनशक्तीचं कौतुक जरूर करावं, पण ती सहनशक्ती तिच्यावर लादली गेली होती हेही त्याच दमात सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

सरकारने त्यांना मान दिला नाही असं नाही. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरच्या जवानांसमोर कला सादर केली. पण पदकाने औषधाचं बिल भागत नाही. अखेरचे दिवस ओढगस्तीचे गेले, दवाखान्याच्या खर्चाला लोकांची मदत घ्यावी लागली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या.

त्यानंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर, राधाबाई खोडे नाशिककर, गुलाबबाई संगमनेरकर यांना तो मिळाला. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही मिळाला. त्यांनी आईसारखाच स्वतःचा फड उभा केला आणि आता त्यांच्या पुढची पिढीही तमाशातच आहे.