सोरायसिसचे पथ्य: वर्ज्य पदार्थांपासून वजनकाट्यापर्यंत

सोरायसिसचे निदान झाले की रुग्णाचा पहिला प्रश्न औषधाबद्दल नसतो, जेवणाबद्दल असतो: काय सोडू? महाराष्ट्रात याचे उत्तर द्यायला डॉक्टरांची गरज पडत नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, दुकानदार सगळ्यांकडे यादी तयार असते. वांगे नको, दही नको, आंबट-खारट नको, मासे आणि दूध तर एका दिवशी नकोच. या यादीमागे जुनी परंपरा आहे. चरकसंहितेत कुष्ठाच्या, म्हणजे त्वचारोगांच्या, कारणांमध्ये विरुद्धाहार सांगितला आहे, आणि आजचा सोरायसिस त्या मोठ्या कुष्ठवर्गातच कुठेतरी बसवला जातो. याउलट कित्येक दवाखान्यांत वर्षानुवर्षे मिळालेले उत्तर म्हणजे ‘काहीही खा, आहाराचा संबंध नाही’. गेल्या सुमारे शंभर वर्षांतले संशोधन ओळीने पाहिले तर ही दोन्ही उत्तरे टिकत नाहीत. संशोधकांनीही बराच काळ लोकांसारखाच एखादा दोषी पदार्थ शोधला. संशयित बहुतेक निर्दोष सुटले. पुरावा जमत गेला तो दुसऱ्याच गोष्टीभोवती: ताटात काय आहे यापेक्षा अंगावर वजन किती साठले आहे याभोवती.

हा शोध इतका रेंगाळला त्याचे एक कारण आजाराच्या स्वभावातच आहे. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते, टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ अशी दाह पेटवणारी द्रव्ये वाढतात आणि एरवी महिनाभर चालणारे त्वचेच्या पेशींचे चक्र काही दिवसांत उरकते. म्हणून लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे. पण हा आजार एका पातळीवर राहत नाही. थंडीत वाढतो, उन्हाळ्यात ओसरतो, घसा धरला की उचल खातो, मनावर ताण आला की पसरतो, आणि कधी कशानेच काही न होता महिनोन्महिने शांत बसतो. अशा आजारात ज्या महिन्यात रुग्णाने दही सोडले त्याच महिन्यात चट्टे आपोआप उतरणीला लागले असतील, तर दह्याची सुटका नाही. त्यात तीव्रता मोजायची सर्वमान्य पद्धतही उशिरा आली. ज्याला ‘पासी’ म्हणतात तो निर्देशांक १९७८चा. त्याआधीचे बहुतेक दावे डोळ्यांच्या अंदाजावर उभे होते.

तरी दाव्यांची कमतरता नव्हती. १९१०च्या दशकात फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ शॅम्बर्ग यांनी प्रथिने कमी केलेला आहार सुचवला. १९३०च्या दशकात जर्मनीत ग्रुट्झ आणि ब्युर्गर यांनी सोरायसिस हा चरबीच्या चयापचयाचा बिघाड ठरवून कमी स्निग्ध आहाराचा पुरस्कार केला. १९६७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल कमी असलेल्या आहाराने आजार हटल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्यात टर्की पक्ष्याचे मांस असल्याने ‘टर्की आहार’ गाजला. नंतरच्या तपासणीत तो टिकला नाही. मुळात टर्कीत इतर मांसाच्या मानाने ट्रिप्टोफॅन फारसे कमी नसतेच. म्हणजे कधी प्रथिने, कधी चरबी, कधी एकच अमिनो आम्ल. दर पिढीचे वैद्यक ज्या घटकाच्या अभ्यासात गुंतलेले होते तोच घटक त्या पिढीला गुन्हेगार दिसला, हा योगायोग मानणे कठीण आहे.

या सगळ्यांत एक निरीक्षण मात्र वेगळे उठून दिसते, आणि ते कोणी ठरवून केलेल्या प्रयोगातून आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी जावा बेटावर डच लोकांना छावण्यांत कोंडले. तिथे उपासमार होती. डच त्वचारोगतज्ज्ञ सिमन्स यांनी युद्धानंतर, १९४९मध्ये, नोंदवले की उपासमारीच्या त्या काळात सोरायसिसच्या रुग्णांचे चट्टे ओसरले होते. छावणीतला ताण पाहता आजार भडकायला हवा होता. या निरीक्षणाचा उपचार म्हणून उपयोग नव्हता, कोणाला उपाशी ठेवून बरे करायचे नसते, आणि त्यामुळे ते बाजूला पडले. पण यात कोणताही एक पदार्थ वर्ज्य नव्हता; सगळेच अपुरे होते. ही बारीक खूण पुढची साठ वर्षे जवळपास कोणी उचलली नाही.

त्याऐवजी नजर गेली ग्रीनलंडकडे. तिथल्या उपरनाविक जिल्ह्यातील १९५० ते १९७४ या काळाचा अभ्यास १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. सील आणि माशांवर जगणाऱ्या इनुइट लोकांत सोरायसिस तुरळक आढळतो, हे त्यात दिसले. या लोकांची आनुवंशिकता निराळी, हवामान निराळे, जगणे निराळे. पण माशांच्या तेलातले ओमेगा-३ हा हाती लागण्याजोगा धागा होता. १९८८मध्ये इंग्लंडमधल्या २८ रुग्णांच्या चाचणीत काहींना माशांचे तेल, काहींना तुलनेसाठी ऑलिव्ह तेल दिले गेले, आणि माशांच्या तेलाने खाज, लाली व पापुद्रे कमी झाल्याचे दिसले. आशा वाढली. मग १९९३मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नॉर्वेतील १४५ रुग्णांची चार महिन्यांची चाचणी आली. एका गटाला ओमेगा-३च्या कॅप्सूल, दुसऱ्याला मक्याच्या तेलाच्या. शेवटी दोन गटांत फरक निघाला नाही. मक्याच्या तेलावर असलेल्यांचीही काही लक्षणे कमी झाली होती. तुलनेचा गट नसता तर या चाचणीनेही माशांच्या तेलाचेच गुण गायले असते. कॅप्सूलचा बाजार मात्र या निकालाने थंडावला नाही.

इतर संशयितांचे थोडक्यात सांगता येईल. १९८५मध्ये ओसाकात हाडांच्या ठिसूळपणासाठी ड जीवनसत्त्वाचे एक रूप घेणाऱ्या रुग्णाचा सोरायसिस नाहीसा झाला आणि त्या धाग्यावरून आजची कॅल्सिपोट्रिऑलची मलमे आली. तेच जीवनसत्त्व पोटातून देण्याच्या चाचण्यांनी तितका भरवसा दिला नाही. हळदीकडून आपल्याकडे मोठी अपेक्षा. पण २००८मध्ये अमेरिकेत १२ रुग्णांना रोज साडेचार ग्रॅम कर्क्युमिन दिले तेव्हा गुण येणाऱ्यांचे प्रमाण आपोआप बरे होणाऱ्यांहून फारसे वेगळे नव्हते. ग्लूटेनची गोष्ट जरा निराळी आहे. स्वीडनमध्ये २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ग्लूटेनमधल्या ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडे होती अशा रुग्णांचे चट्टे गहू, सातू वगैरे सोडल्यावर कमी झाले. ज्यांच्या रक्तात ती नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. म्हणजे पदार्थाचा दोष एका छोट्या गटापुरता खरा, आणि तो गट रक्ततपासणीने ओळखता येतो. ‘गहू सोडा, चट्टे जातील’ या सरसकट सल्ल्यात हा दुसरा भाग नेमका गळून पडतो.

खरे वळण आले २००७च्या सुमारास. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात ७८,६२६ स्त्रियांचा चौदा वर्षे मागोवा घेतला गेला. बॉडी मास इंडेक्स ३५ किंवा जास्त असलेल्यांना सोरायसिस होण्याचा धोका सडपातळ स्त्रियांच्या अडीच पटींहून अधिक निघाला. यावर सरळ आक्षेप असा, की चट्ट्यांच्या लाजेने माणूस घराबाहेर पडत नाही, हालचाल कमी होते आणि वजन वाढते. कारण आणि परिणाम उलटे तर नाहीत? आक्षेप योग्य आहे. पण या अभ्यासात वजन आधी मोजले होते, आजार नंतर आला. शिवाय २०१९मध्ये जनुकांच्या आधारे कार्यकारण तपासणाऱ्या अभ्यासाने वजनाकडून सोरायसिसकडे जाणारी वाट दाखवली: बॉडी मास इंडेक्स एका अंकाने वाढला की धोका सुमारे ९ टक्के वाढतो. उलट दिशेला तसा पुरावा मिळाला नाही. यामागची यंत्रणाही अंधारात नाही. पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती स्वतः टीएनएफ आणि लेप्टिनसारखी द्रव्ये सोडते, आणि त्याच टीएनएफला रोखण्यासाठी आपण महागडी इंजेक्शने घेतो.

वजन उतरवल्यावर काय होते, याची उत्तरे मग एकापाठोपाठ आली. इटलीत २००८मध्ये ६१ स्थूल रुग्णांना सायक्लोस्पोरिनचा कमी डोस दिला, त्यांतल्या निम्म्यांना सोबत कमी उष्मांकाचा आहार. आहारवाल्यांपैकी सुमारे ६७ टक्क्यांचा आजार तीन चतुर्थांशाने किंवा अधिक घटला, नुसत्या औषधवाल्यांत हे प्रमाण २९ टक्के. डेन्मार्कमध्ये २०१३च्या चाचणीत ६० रुग्णांपैकी आहारगटाचे वजन तुलनेत तब्बल १५ किलोंनी उतरले, तरी त्वचेतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात चुकला. टीकाकार या निकालावर बोट ठेवतात. मात्र या रुग्णांचा आजार सुरुवातीलाच सौम्य होता, कमी व्हायला जागा थोडी होती. पुढे वर्षभर पाठपुरावा केला तेव्हा घटलेले बरेचसे वजन टिकले आणि त्वचेची सुधारणाही टिकली. इटलीतच २०१४मध्ये ३०३ रुग्णांवर आहार आणि व्यायामाची वीस आठवड्यांची चाचणी झाली. तीव्रता आहारगटात ४८ टक्क्यांनी उतरली, नुसता सल्ला मिळालेल्यांत २५.५ टक्क्यांनी. डेन्मार्कच्याच नोंदींतून २०१७मध्ये दिसले, की जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर सोरायसिस होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. या चाचण्या देश, पद्धत आणि आकार यांनी वेगळ्या आहेत, तरी त्यांचा रोख एकाच दिशेला आहे. माशांच्या तेलाबाबतीत असे कधी झाले नव्हते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप रुग्णांकडून येतो: आमचा अनुभव खोटा आहे का? अमेरिकेत २०१७मध्ये १,२०६ रुग्णांच्या पाहणीत ८६ टक्क्यांनी आहार बदलल्याचे सांगितले. ज्यांनी दारू, ग्लूटेन किंवा वांगी-टोमॅटो-बटाटा वर्गातल्या भाज्या कमी केल्या त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या अधिकांना गुण आल्याचे वाटले. अनुभव खोटा नसतो, पण त्याचे श्रेय कोणाला द्यायचे हे अनुभव सांगत नाही. २०१४च्या इटालियन चाचणीत नुसता सल्ला मिळालेल्या गटाचाही आजार एक चतुर्थांशाने उतरला होता. दोन्ही गट औषधांवर होते. तुलना नसती तर सगळे ४८ टक्के आहाराच्या खात्यात जमा झाले असते. शिवाय तीन अगदी वेगळे पदार्थ सोडून जर गुण येण्याचे प्रमाण ५२ ते ५४ टक्क्यांच्या आतच राहत असेल, तर पदार्थापेक्षा सोडण्याच्या क्रियेकडे किंवा आजाराच्या चढउताराकडे संशय जायला हवा. त्यातही दारूची बाब निराळी. तिचा सोरायसिसशी संबंध स्वतंत्र अभ्यासांत दिसला आहे, आणि सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट हे औषध घेणाऱ्याच्या यकृतावर ती दुहेरी भार टाकते. तिला वांग्याच्या पंगतीत बसवणे वांग्यावर अन्याय आहे.

आयुर्वेदाच्या बाजूने म्हटले जाते, की पथ्य प्रकृतीनुसार असते, सरासरीच्या चाचणीत ते दिसणार नाही. पण प्रकृतीनुसार गट पाडूनही चाचणी करता येते. स्वीडनच्या अभ्यासाने रक्ततपासणीच्या आधारे नेमके तसेच केले. आणि आयुर्वेदाला विरुद्धाहाराखेरीज लंघनही ठाऊक आहे. सोरायसिसपुरते पाहिले तर मासे-दुधाच्या बंदीपेक्षा लंघनाची कल्पना आजच्या पुराव्याच्या कितीतरी जवळ जाते. गावोगावी प्रसार मात्र बंदीचा झाला.

पदार्थांचा प्रश्न यामुळे कायमचा मिटला असेही नाही. २०१८मध्ये फ्रान्समधील ३५,७३५ लोकांच्या पाहणीत भूमध्यसागरी धाटणीचा आहार घेणाऱ्यांत तीव्र सोरायसिस कमी आढळला. पुढे २०२५मध्ये स्पेनमधील ३८ रुग्णांच्या सोळा आठवड्यांच्या चाचणीत तो आहार घेणाऱ्या जवळपास निम्म्यांचा आजार तीन चतुर्थांशाने घटला; तुलनेच्या गटात तसे एकाचेही झाले नाही. निकाल चकित करणारा आहे, आणि ३८ ही संख्या सावध करणारी. १९८८च्या २८ जणांचा अनुभव विसरण्याजोगा नाही. गंमत म्हणजे तेव्हा निरुपद्रवी म्हणून तुलनेला दिलेले ऑलिव्ह तेल आता या आहाराच्या नायकांपैकी एक आहे. फरक इतकाच, की आता कोणी एक पदार्थ दोषी ठरवत नाही. डाळी, भाज्या, फळे, मासे, सुका मेवा असा सगळा बेत एकत्र तपासला जातो. अशा चाचणीला भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याचे तेल यांचा आपला बेत सहज घेता येईल.

अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८मध्ये ५५ अभ्यास चाळून जे लिहिले ते या साऱ्याशी जुळते: जादा वजन असलेल्यांनी उष्मांक कमी करून वजन उतरवावे ही ठाम शिफारस, रक्तचाचणीत खूण आढळली तरच ग्लूटेनमुक्त आहार ही सौम्य शिफारस, आणि सारे औषधोपचारासोबत, त्याऐवजी नव्हे. भारतीयांसाठी ‘जादा वजन’ मात्र लवकर सुरू होते. इथल्या तज्ज्ञांच्या मते बॉडी मास इंडेक्स २३ला जादा वजन आणि २५ला स्थूलपणा धरावा, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, असा माणूस स्वतःला स्थूल समजत नाही. तो आंबट सोडतो, साखरेचा चहा आणि उपासाचा साबुदाणा चालूच ठेवतो. खरोखर सडपातळ असलेल्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. वजनाच्या चाचण्या त्यांच्यावर झालेल्याच नाहीत, त्यामुळे उष्मांक तोडण्याचा सल्ला त्यांना लागू नाही. सोरायसिस असलेल्या वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातून दूध, दही, मासे, अंडी एकेक करून काढली तर प्रथिने आणि कॅल्शियम नक्की घटतात, आणि चट्टे कमी होतील याला आधार सापडत नाही. त्या घरात पैसा आणि धीर खर्च व्हायला हवा तो मलम नियमित लावण्यावर आणि घसा धरला तर वेळेत उपचार घेण्यावर.