लोड दिल्याशिवाय निकाल नाही

नागपूरच्या कामठी रस्त्यावर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे बॅटरीचं एक दुकान आहे. पुढे गाडी उभी करण्यापुरती जागा, मागे चार्जिंगचं टेबल, त्यावर रांगेने मांडलेल्या काळ्या बॅटऱ्या आणि त्यांना लावलेले लाल-काळे चिमटे. आत शिरताच आम्लाचा बोचरा वास येतो. मालकांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात. उन्हाळा संपून पावसाच्या पहिल्या सरी आल्या की त्यांच्याकडे गर्दी होते आणि बहुतेकांची तक्रार एकच असते : "भाऊ, गाडी सेल्फच नाही घेऊन राहिली."

लोक पावसाला दोष देतात. खरं नुकसान मे महिन्यात झालेलं असतं. नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, आणि बॉनेटखाली इंजिनाशेजारी बसलेल्या बॅटरीला त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसावी लागते. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम बॅटरीलाही लागू आहे. आतलं पाणी उडतं, धन प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते, आणि जुन्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा प्लेटवरचा लेप सुटून तळाशी साचतो. उष्णतेत क्रिया जोरात चालते म्हणून तेव्हा गाडी सुरूही होते. मग पावसात वायपर, दिवे आणि काचेवरची वाफ घालवायला एसी असं सगळं एकदम चालू होतं, किंवा डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली जातो, आणि मे महिन्यातला हिशेब बाहेर येतो. विदर्भात गाडी चालवणाऱ्याने बॅटरी तपासायची वेळ लक्षात ठेवायची असेल तर ती उन्हाळा उतरतानाची, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

एके दिवशी एका शिक्षिकेची छोटी पेट्रोल गाडी आली. सकाळी सेल्फ मंद फिरत होतं, शेजाऱ्यांनी जंपर केबल लावून गाडी सुरू करून दिली होती. भाऊंनी लगेच मीटर लावला नाही. आधी दिवे दोन-तीन मिनिटं लावून ठेवले, मग बंद केले. गाडी नुकतीच चालून आली असली की प्लेटच्या पृष्ठभागावर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर खोटा आकडा दाखवतो. तो उतरल्यावर आकडा आला १२.४.

"बारा चार म्हणजे ठीकच आहे ना?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, हा बसल्या जागचा आकडा आहे. कामाला लावून पाहू."

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण चार्ज झालेली, काही तास विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उरली, ११.९ म्हणजे जवळजवळ संपली. पण हा आकडा फक्त आत किती चार्ज आहे ते सांगतो. सेल्फ मारताना छोट्या पेट्रोल गाडीचं स्टार्टरही क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर खेचतं, डिझेलचं त्याहून खूप जास्त. तेवढं एकदम देण्याची ताकद बॅटरीत उरली आहे की नाही, ते मीटर नुसता टेकवून कधीच कळत नाही.

भाऊंनी बॅटरीवर मुद्दाम मोठा भार टाकणाऱ्या लोड टेस्टरचे जाड चिमटे लावले आणि बटण दाबलं. टेस्टरच्या आतली तार तापल्याचा वास आला. पंधरा सेकंदांत व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये, असं मानतात. इथे काटा घसरत पावणेनऊपर्यंत आला.

बाईंनी पर्स उघडली. भाऊंनी थांबवलं. "आजची रात्र चार्जिंगला ठेवू द्या. तुम्हाला दुसरी लावून देतो तोवर."

या दुकानातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हा थांबा वाटतो. अर्धवट उतरलेली बॅटरी चांगली असूनही लोडवर नापास होऊ शकते. ती निकामी आहे की नुसती उपाशी, हे पूर्ण चार्ज केल्याशिवाय ठरत नाही. नवी बॅटरी तिथल्या तिथे विकून टाकणं किती सोपं असतं! रात्रभर मंद चार्जिंग करायला वीज लागते, जागा लागते, आणि शेवटी कदाचित विक्रीही होत नाही. तरी हे दुकान ते करतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी सहाही बुचं उघडली आणि हायड्रोमीटरने एकेका सेलमधलं पाणी ओढून पाहिलं. काचेच्या नळीत तरंगणारी कांडी आम्लाची घनता दाखवते. दुकानाच्या भाषेत ती ग्रॅव्हिटी. चार्ज होताना प्लेटमधलं सल्फेट पाण्यात परततं, आम्ल घट्ट होतं आणि कांडी वर येते. पाच सेल १.२५० च्या आसपास पोचले होते. चौथा १.१४० वरच अडकला होता. सेलासेलांत ०.०५० चा फरक दिसला तरी बॅटरीवर भरवसा ठेवायचा नाही. इथे फरक त्याच्या दुपटीहून जास्त होता. "हा सेल गेला," भाऊ म्हणाले, आणि आता बदला म्हणाले. काही वेळा सेल आतून शॉर्ट होतो. मग कितीही चार्ज केला तरी मीटर साडेदहाच्या वर जात नाही, बरोबर एका सेलचे दोन व्होल्ट कमी. तसा आकडा आला की चर्चा संपली.

हल्ली बऱ्याच बॅटऱ्या बंद डब्याच्या येतात. झाकणावर एक छोटा डोळा असतो : हिरवा तर चांगली, काळा तर चार्ज करा. लोक त्याच्यावर फार विश्वास ठेवतात. तो डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये डोकावतो. बाकीच्या पाचांत काय चाललं आहे, ते त्याला दिसत नाही. हिरवा ठिपका दिसतोय म्हणून बॅटरी निर्दोष समजणं म्हणूनच धोक्याचं.

आणि याच्या उलटही होतं. एक टॅक्सीवाले आले, सेल्फ मारलं की नुसतं कटकट वाजत होतं. बॅटरी वर्षभराचीही नव्हती. भाऊंनी मीटरची एक सुई शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवली. एकमेकांना चिकटून असलेल्या या दोन जागांमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य असायला हवं. सेल्फ मारताच तिथे सव्वा व्होल्टहून जास्त दिसला. क्लॅम्पखाली पांढरी-हिरवी बुरशी साचली होती, वीज तिथेच अडत होती. आधी काळी वायर काढली, मग लाल. हा क्रम चुकला आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने खांब घासला, पुसला, क्लॅम्प घट्ट केला, वर व्हॅसलीन चोपडलं. काळी वायर सर्वांत शेवटी. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशीही तक्रार नेहमीची. गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर थोडा करंट घेतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. गाडी लॉक करून, आतली यंत्रणा झोपेपर्यंत थांबून मग मोजावं लागतं. बाहेरून जोडलेला डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टिम पुष्कळदा सापडते. ते न शोधता बॅटरी बदलली तर नवीही तशीच उतरेल, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवरचं सल्फेट कडक होऊन बसतं, चार्ज धरत नाही.

कार्बोरेटरच्या जमान्यात बॅटरी आधी सूचना द्यायची. इंजिन सुरू व्हायला बराच वेळ सेल्फ फिरवावं लागायचं, त्यामुळे थकवा आठवडे आधी ऐकू यायचा. आताची इंजेक्शनची इंजिनं दोन फेऱ्यांत पेट घेतात. कमकुवत बॅटरीही तेवढं निभावून नेते आणि एका सकाळी अचानक सोडून देते. म्हणून तिसरं वर्ष लागलं की, तक्रार असो वा नसो, वर्षातून एकदा लोडवर तपासून घ्यावी. वय मोजायचं ते बॅटरीवर छापलेल्या उत्पादनाच्या महिन्यापासून. बिलावरची तारीख पुरत नाही, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होत असते. दिवे सेल्फच्या वेळी एकदम मंदावणं, डब्याच्या भिंती फुगणं, सडक्या अंड्यासारखा वास येणं, यातलं काही दिसलं तर मात्र तिसऱ्या वर्षाची वाट पाहू नये. वास आणि फुगवटा म्हणजे बहुधा जादा चार्जिंग; त्यात बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही तपासावा लागतो.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची बॅटरी वेगळ्या बांधणीची असते. तिच्या जागी स्वस्तातली साधी बसवली तर ती दिवसभरातल्या इतक्या सेल्फांना टिकत नाही. भाऊ अशा गिऱ्हाइकाला दर ऐकवण्याआधी हे ऐकवतात.

शिक्षिकेच्या गाडीत नवी बॅटरी बसली. जुनी वजन करून जमा झाली. त्यातलं शिसं पुन्हा वितळून कामी येतं, आणि २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. बाई चावी फिरवून निघणार, तोच भाऊंनी हात केला. इंजिन चालू ठेवून दिवे, एसी, पंखा, सगळं लावायला सांगितलं आणि मीटर पुन्हा टेकवला. चालत्या इंजिनावर साडेतेरा ते साडेचौदा हवं. आलं १३.१.

"मॅडम, बॅटरी नवी आहे, पण तिला पोटभर मिळत नाहीये. अल्टरनेटरचा बेल्ट ढिला दिसतो. समोरच्या इलेक्ट्रिशियनकडे आत्ताच दाखवा, मग शाळेत जा."

बाईंनी गाडी वळवून समोरच्या गॅरेजमध्ये घातली. भाऊ मीटर घेऊन त्यांच्या मागोमाग रस्ता ओलांडून गेले.